मामेसासऱ्यांचं जुनं कार्ड

आमच्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर मिळून दुसरा झाला नसेल. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे आणि त्यांनाही ते मान्य होतं. थोडा अभिमानच होता म्हणा ना. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा. धुळ्याला देवपुरात राहायचे आणि जन्मभर त्यांनी धंदा केला तो शेतातल्या विहिरींवर बसवायच्या विजेच्या मोटारींचा. इकडे शिरपूर, नरडाणा, चाळीसगाव, तिकडे थेट रावेर-यावलच्या केळीच्या बागांपर्यंत त्यांची फिरती असे. मोटारी त्यांनी किती विकल्या याला गणती नाही, पण मोटारीचं बटण म्हणून त्यांनी हयातीत कधी दाबलं नाही. एकदा यावलकडच्या एका बागेत मी त्यांच्याबरोबर होतो. मोटार बसली, तारा जोडून झाल्या आणि मामा रबरी चपला घालून, केळीच्या तीन ओळी मागे जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी हात वर करून "करा चालू" असा इशारा दिला. बागवाला हसायला लागला. म्हणाला, विकणाराच असा भितो तर घेणाऱ्याने काय करायचं? मामा केळीच्या आडूनच म्हणाले, "मी भितो म्हणून तर माझी मोटार जळत नाही." आणि ते खरं होतं. अर्थिंगची तार ते दोन ठिकाणी पुरायला लावत, जोड स्वतः (लांबून) तपासत, आणि पावसाळ्याआधी पुन्हा येऊन बघून जात. त्या बागवाल्याने आपल्या भावासाठीही एक मोटार त्यांच्याकडूनच घेतली.

भीती ही त्यांची रोजची भाकरी होती. घराला कुलूप लावलं की ते त्या कुलपाला अक्षरशः लटकत, सगळा भार टाकून. एकदा अशाने कोयंडाच उपसून हातात आला आणि लग्नाला निघालेलं सगळं घर सुतार येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलं. एसटीत बसण्याआधी ते ड्रायव्हरला विचारत, "रातले झोप झाली ना, भाऊ?" आणि उत्तर देताना त्याने डोळे चोळले तर ती गाडी सोडून देत. भरताचं वांगं भाजायच्या आधी ते स्वतः चिरा देऊन आत टॉर्च मारत, आणि भाजल्यावर मामींनी सोललं की परत बघत. मामी एकदा वैतागून म्हणाल्या की इतकं तर मुलगी बघायला आले तेव्हा मला पण बघितलं नव्हतं. माझ्याशी ते शुद्ध मराठी बोलत. मी जळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे 'करंट' शिकवणारा जावई, त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना धाकयुक्त आदर होता. पण एकदा घाबरले की मराठी सुटायची आणि घरातली अहिराणी तोंडात यायची. धुळ्यात त्यांच्या घरी राहिलं की दिवसातून बऱ्याच वेळा अहिराणी कानावर पडे.

सगळ्यात मोठी भीती टेलिफोनची. घरी फोन आला तेव्हा त्यांनी त्याला मखमलीचं झाकण शिवून घेतलं, पण घंटा वाजली की ते स्वतः उचलत नसत. लांबलचक घंटा म्हणजे बाहेरगावचा फोन, आणि बाहेरगावचा फोन म्हणजे कोणी तरी गेलं. घंटा वाजत असेतो ते डोळे मिटून नात्यातल्या आजारी माणसांची नावं एकेक आठवत, आणि मामी फोन उचलून "बठ्ठा बरा शेतस", म्हणजे सगळे बरे आहेत, असं म्हणेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसे. असं असूनही या माणसाने टेलिफोनचं कार्ड घेतलं, तेही भीतीपोटीच. फिरतीवर असताना दर गावाहून घरी फोन करून 'मी जिवंत आहे' असं कळवायचं, तर खिशात सुटे पैसे बाळगावे लागतात, आणि सुट्या पैशांच्या आवाजाने चोर मागे लागतात, असा त्यांचा हिशेब. कार्डाची सोय नवीनच आली होती. कुठल्याही फोनवरून आधी एक ठरलेला क्रमांक फिरवायचा, मग यंत्रातली बाई मागेल तसा कार्डाचा नंबर दाबायचा, मग आपला गुप्त आकडा, आणि मग हव्या त्या गावचा फोन लागायचा. पैसे महिनाअखेर घरच्या बिलात. मामांना ती यंत्रातली बाई फार खडूस वाटे. एक बटण चुकलं की ती परत पहिल्यापासून सुरू करायला लावी. म्हणून सुरुवातीला त्यांचा मुलगाच फिरतीवर बरोबर जाऊन त्यांच्यासाठी नंबर लावत असे. कार्डावरचा नंबर आणि गुप्त आकडा दोन्ही त्याला पाठ होते. बायकोलासुद्धा न सांगितलेला आकडा त्यांनी मुलाला सांगितला होता, कारण तो न सांगावा तर स्वतः बटणं दाबावी लागली असती.

हा मुलगा त्यांचा एकुलता एक, आणि घरातली सगळी भीती त्याच्यावर बरसत आली होती. सायकल नाही, पोहणं नाही, शाळेची सहल तोरणमाळला गेली तेव्हा हा घरी. मोठा झाला आणि त्याने बापाला न सांगता नरडाण्याला एका ओळखीच्या ट्रकवाल्याकडे गाडी शिकून घेतली. परवाना हातात आल्यावर सांगितलं. त्या दिवशी मामा आयुष्यात पहिल्यांदा ओरडले म्हणतात. या घरात राहायचं तर गाडी नाही, असं म्हणाले. मुलगाही त्यांचाच, त्याने पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने गेला. पुढे कळलं की तो हिमाचलात डोंगरात रस्ते करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे डंपर चालवतो. ज्या माणसाला गच्चीवर पतंग बघताना चक्कर येते, त्याचा मुलगा एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर दगड वाहत होता. मामांनी त्याचं नाव घेणं सोडलं. रेडिओवर हवामान लागलं की मात्र घरात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे.

मग चाळीसगावची गोष्ट घडली. स्टेशनाबाहेरच्या एका बूथमध्ये मामा स्वतः नंबर दाबत होते. चुकू नये म्हणून ते प्रत्येक आकडा दाबताना मोठ्याने म्हणत, जणू पाढे म्हणतायत. काचेचं दार उघडंच होतं, दार लावलं तर आत गुदमरेल म्हणून. फोन ठेवून वळले तर मागच्या रांगेतला एक माणूस वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहीत होता. मला विचाराल तर तो शब्दकोडं सोडवत असावा. पण मामांना दरदरून घाम फुटला. ते पुढची सगळी गिऱ्हाइकं सोडून तडक धुळ्याला आले आणि दुसऱ्या दिवशी मला जळगावला फोन लावून घेतला. म्हणजे मामींनी लावला. आपला आकडा चोरीला गेला, आता कोणीही मुंबई-कलकत्ता-अमेरिका कुठेही बोलेल, घर विकावं लागेल, हे सगळं त्यांनी अहिराणीत सांगितलं.

मला प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला धुळ्याला जायचंच होतं. मी त्यांना घेऊन टेलिफोन ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नवं कार्ड दिलं, नवा नंबर, नवा आकडा. म्हणाल्या, "आबा, आधी या नव्या कार्डावरून एक फोन करून बघा. लागला की या, मी तुमच्यासमोर जुना नंबर बंद करते. मग जुनं कार्ड कापून टाका. आणि नवा आकडा कुठे लिहून ठेवू नका, मोठ्याने म्हणू नका." मामांनी विचारलं, "बंद म्हणजे पक्कं बंद ना? कोणी लावला तर?" कोणीही लावला तरी लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता यांचा जीव भांड्यात पडेल. पण तो पडला नाही. उलट त्यांचा चेहरा अगदी उतरला.

शेजारच्या बूथवरून आम्ही नव्या कार्डाने जळगावला माझ्या घरी फोन लावून पाहिला. लागला. मी म्हटलं, चला, जुनं बंद करून येऊ. तर मामा म्हणाले, आता जेवणाची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या फाटकापर्यंत आले आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं सांगून परत फिरले. अंगठा धड होता, मी पाहिला. पुढे पंधरवडाभराने परीक्षांच्याच कामासाठी परत गेलो तेव्हाही जुनं कार्ड त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात तसंच, आणि नंबर चालू. जो माणूस वांग्यात टॉर्च मारतो, तो चोराच्या हाती लागलेला नंबर उघडा ठेवून कसा बसतो, हे मला कळेना. रोज सकाळी उठून ते म्हणत, आज किती बोलला असेल तो, आणि छातीला हात लावत. पण ऑफिसचं नाव काढलं की विषय बदलत. शेवटी मी पांझरा नदीच्या पुलाकडे फिरायला नेऊन त्यांना स्पष्टच विचारलं. पुलावर मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही, अलीकडेच थांबलो.

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगा दुपारी, ते फिरतीवर असताना, आईला फोन करतो. मामींना वाटतं हे त्यांना ठाऊक नाही. पण ज्या दिवशी फोन येतो त्या दिवशी मामी त्यांच्यावर अजिबात चिडत नाहीत, त्यामुळे ते केव्हाच ओळखतात. आणि तो फोन लावतो तो त्यांच्याच कार्डाच्या नंबरावरून, हे बिलावरून कळतं. ते मुकाट्याने बिल भरतात. मी म्हटलं, मग सोपं आहे, नवा नंबर मामींना द्या, त्या त्याला सांगतील. मामांनी नकारार्थी मान हलवली, म्हणाले, तिला सांगितलं तर मला माहीत आहे हे तिला कळेल, ती त्याला बोलेल, तो लाजेल आणि परत माझ्या नंबरावर बोलणार नाही. फार हट्टी आहे. पण जोवर माझ्या कार्डावर बोलतो तोवर अजून माझ्या हातचं काहीतरी घेतो ना. मग थोडं थांबून ते म्हणाले, "जुनं बंद करं आन् त्यानी नंबर लाया, त ती बाई त्याले सांगी, हाऊ नंबर चालत नही. त्याले वाटी, बापनी दार लाई लिधं."

एका बाजूला कोणीतरी नंबर चोरला ही भीती, दुसऱ्या बाजूला मुलाच्या तोंडावर दार लागेल ही भीती, आणि मधे हा बंडीवाला माणूस. त्यानंतर ते सुकतच चालले. फिरती कमी केली. जेवण कमी झालं. मामींना वाटे पोटाचं दुखणं आहे.

मग एका दुपारी मामी माहेरच्या लग्नाला चाळीसगावला गेल्या होत्या. मी उत्तरपत्रिका तपासायला त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. फोन वाजला. लांब घंटा. मामा पाटावरून उठलेच नाहीत, सवयीने डोळे मिटले. मी उठून फोनकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढं घट्ट की मला वळ उठला. म्हणाले, थांबा. मखमलीचं झाकण काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घरी वाजणारा फोन स्वतः उचलला.

"कोन शे?" त्यांनी विचारलं. पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं ठेवला. पण मामांनी ठेवला नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. त्यांनी मला बाहेर जायची खूण केली. मी ओट्यावर गेलो, पण दार उघडंच होतं. आतून फार हळू आवाजात, प्रत्येक आकड्यानंतर थांबत, मामांनी नव्या कार्डाचा नंबर सांगितला. मग आणखी हळू, मला ऐकू येणार नाही इतक्या हळू, काहीतरी सांगितलं. मग म्हणाले, "जुना मी बंद करी ऱ्हायनू. चोरना हातमा गया तो. तू नवावर लाव." आणि फोन ठेवला.

मी आत आलो तर ते जमिनीवर बसले होते. मी विचारलं, तोच होता ना? काही बोलला? ते म्हणाले, एक शब्द नाही. चाळीसगावच्या त्या माणसालाच यांनी नवा आकडा सांगून टाकला नसेल कशावरून? मी हे बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं असावं. म्हणाले, "जावईबापू, लहानपणी त्याला दमा होता. चार वर्षं मी त्याच्या छातीला कान लावून बसलोय. श्वास आत गेला की मोजायचा, बाहेर येईपर्यंत घाबरायचं. त्याचा श्वास मला नाही कळणार?"

दुसऱ्या दिवशी आम्ही टेलिफोन ऑफिसात गेलो. फाटकाशी ते थांबले नाहीत. बाईंनी जुना नंबर बंद केला आणि तसं सांगितलं. मामांनी मग शेजारच्या बूथवरून जुना नंबर लावून खात्री केली. यंत्रातल्या बाईने हा नंबर वैध नाही असं सुनावलं. त्यांनी ते मलाही ऐकवलं. मग परत एकदा स्वतः ऐकलं. घरी येऊन शिंप्याच्या कात्रीने कार्डाचे तुकडे केले, नंबराच्या मधून, आडवे आणि उभे. एक तुकडा पांझरेत, एक शेजारणीच्या चुलीत (तिने वासाबद्दल दोन दिवस तक्रार केली), आणि उरलेले माझ्याकडे, गिरणेच्या पुलावरून एसटीच्या खिडकीतून टाकायला. दोन नद्यांचं पाणी एकत्र आलं तर, अशी शंका त्यांना आलीच. मी म्हटलं, येतं, पण तापीला मिळाल्यावर. तेवढ्याने त्यांचं समाधान झालं.

त्यानंतर जे दिवस गेले ते मी मामींकडून ऐकले. मुलाचा फोन येईना. रेडिओवर डोंगरात दरड कोसळल्याची बातमी आली. मामी काळजीने खंगल्या, पण नवऱ्याला सांगता येईना. मामा फिरती सोडून दुपारभर फोनशेजारी बसू लागले, त्यांना बायकोला सांगता येईना. मामींना भीती, की हे घरी असताना फोन आला तर काय. म्हणून त्या त्यांना दळण आणायला पाठवत, मिरच्या आणायला पाठवत, परत दळण आणायला पाठवत. मामा त्यांना देवळात जा म्हणत, बहिणीकडे जाऊन ये म्हणत. कोणीच हलत नसे. दोघं फोनच्या दोन बाजूंना बसून, झाकणाकडे न बघता, कुरडयांच्या गोष्टी करत.

फोन आला तेव्हा दोघंही एकदम उठले. मामांनी उचलला. मामींचा हात तोंडावर गेला. पलीकडचा आवाज मामींना सुद्धा ऐकू आला, एवढा तो मोठ्याने बोलला.

"आबा, नवा नंबर चालस."

मामा म्हणाले, "हळू बोल. कोनी आयकी ली." आणि रिसीव्हर मामींच्या हातात देऊन कडी लावायला दाराकडे गेले. दुपारी, भर उजेडात. मामी त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमले माहीत व्हतं?" त्यावर मामा म्हणाले की कडी थोडी सैल झाली आहे.

पुढे मुलाने बोलावलं आणि मामा-मामी हिमाचलात जाऊन आले. हे ऐकून आमच्या घरात कोणाचा विश्वास बसेना. मी त्यांना आणायला जळगाव स्टेशनवर गेलो. मामी बोलत होत्या, बर्फाबद्दल, राजम्याबद्दल. मामा पिशव्या मोजत होते. मी विचारलं, डोंगराच्या रस्त्याने मुलाच्या गाडीत बसलात? डोळे मिटले होते का? ते म्हणाले, नाही, उघडे होते. त्याच्या शेजारीच बसलो होतो. आणि मग अगदी समाधानाने म्हणाले, "पोरगा गाडी फार हळू चालवतो."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दहाव्यानंतर मुलगा मला सोडायला धुळ्याहून जळगावला आपल्या जीपने घेऊन निघाला. गाडी कसली, वारा होता. पुढच्या सगळ्या एसट्या, सगळे ट्रक त्याने एकामागून एक मागे टाकले, आणि मी सीटची कड धरून बसलो. काहीतरी बोलावं म्हणून मी त्याला सांगितलं की हिमाचलहून आल्यावर तुझे वडील काय म्हणाले होते.

तो समोर बघत राहिला. पण पारोळ्यापर्यंत मग आमच्या मागून येणारी प्रत्येक एसटी आम्हाला ओलांडून पुढे गेली.